डोळ्यांतील लेन्स व मनांतील समजुती



आपल्या वार्षिकाच्या ह्या अंकासाठीं कांहीं तरी लिहा, असा संपादकमंडळाचा आग्रह झाला, तेव्हां एखाद्या वाङ्मयीन विषयावर लिहावें असें प्रथम माझ्या मनांत होतें. मी भाषा शिकविणारी शिक्षिका. वैद्यकशास्त्राशीं माझा संबंध रोग्याचा असतो तेवढाच. तरीही आज मी कॉन्टॅक्ट लेन्सविषयीं, म्हणजे डोळ्यांत घालावयाच्या त्या बारीक पारदर्शक भिंगाविषयीं, लिहावयास बसलें आहें. ह्याचें कारण हौस नसून एक ऋण आहे. माझ्या अज्ञानामुळें आमच्या वसतिगृहांतील एका मुलीच्या डोळ्याला इजा झाली. ती मुलगी, तिची आजी व तिचे आईवडील ह्यांच्या परवानगीनें, तिचें नांव न सांगतां, ती हकीकत मी येथें देत आहें. ती वाचून एका जरी घरीं एक जरी डोळा वांचला, तरी हीं पानें व्यर्थ गेलीं नाहींत असें मी समजेन.

मला स्वतःला चष्मा लागला तो वयाच्या दहाव्या वर्षीं. फळ्यावरचीं अक्षरें आपल्याला नीट दिसत नाहींत, हें माझ्या ध्यानींच आलें नव्हतें. सर्वांनाच तीं तशीं पुसट दिसत असावींत, अशी माझी समजूत होती. चष्मा लावून घरीं येतांना वाटेवरच्या कडुनिंबाचें पान न् पान निराळें दिसलें, तेव्हां झालेला आनंद मी अद्याप विसरलें नाहीं. परंतु दुसऱ्याच दिवशीं वर्गांत 'ढापणी' हें नांव मिळालें आणि त्या आनंदावर विरजण पडलें. पुढें नंबर वाढत गेला, मी उपवर झालें, आणि पाहुणे यावयाचे असले म्हणजे चष्मा काढून बस, असा उपदेश मावशी व आत्या करूं लागल्या. कॉलेजांत असतांना, १९९९ सालीं, वडिलांनीं मला पुण्यास नेऊन कॉन्टॅक्ट लेन्स घेऊन दिल्या. तेथील बाईंनीं तासभर समोर आरसा ठेवून त्या कशा घालाव्या, कशा काढाव्या व कशा धुवाव्या हें शिकविलें. घरीं आल्यावर आईनें पहिला प्रश्न केला तो हा, "ही डोळ्याच्या मागें गेली तर काढायची कशी?" मीं हंसून वेळ मारून नेली, कारण त्याचें उत्तर मलाही ठाऊक नव्हतें.

सात-आठ वर्षें मीं त्या लेन्स वापरल्या. पुढें संसार, शाळा व वसतिगृहाची देखरेख ह्यांच्या धांदलींत त्यांचे नेम पाळणें होईना, आणि मी पुनः चष्म्याकडे वळलें. सांगावयाचें एवढेंच कीं, ही वस्तु मला अनोळखी नव्हती. आणि म्हणूनच माझी चूक अधिक मोठी ठरते.

२०२२ सालच्या डिसेंबरांत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलींचें एक नाटक बसविलें होतें. त्यांत निळ्या डोळ्यांची एक परी होती. आमच्या मुलींचे डोळे काळेभोर. तेव्हां कोणाच्या तरी डोक्यांतून कल्पना निघाली कीं, निळ्या रंगाच्या लेन्स बाजारांत मिळतात, त्या आणाव्या. बांगड्या, टिकल्या व रिबिनी विकणाऱ्या एका दुकानांत त्या मिळाल्याही. दुकानदारानें डोळे तपासल्याची चिठी मागितली नाहीं, आणि ती असावयास हवी असें आमच्याही मनांत आलें नाहीं. ह्या लेन्सना नंबर नसतो. तेव्हां हें औषधोपचाराचें साधन नव्हे, जशी ओठांची लाली तसेंच हें शृंगाराचें साहित्य, अशी मीं मनाशीं गांठ मारली.

परीचें काम दोन मुली करणार होत्या. दुपारीं प्राथमिक वर्गांपुढें एक आणि रात्रीं पालकांपुढें दुसरी. लेन्सचा जोड मात्र एकच होता. दुपारचा खेळ आटोपल्यावर पहिल्या मुलीनें लेन्स काढल्या व मला विचारलें, "बाई, हिला देऊं का?" तेव्हां मीं दिलेलें उत्तर मला अक्षरशः आठवतें. मी म्हणालें, "तशाच देऊं नकोस. पिण्याच्या पाण्यानें स्वच्छ धुऊन दे." मुलींना स्वच्छतेचा एक धडा दिला, असें समाधानही मला त्या वेळीं वाटलें.

रात्रीचा खेळ उत्तम झाला. टाळ्या झाल्या, छायाचित्रें निघालीं, आणि मुली दमून झोंपी गेल्या. सकाळीं कळलें कीं, परी झालेली मुलगी लेन्स न काढतांच झोंपली होती. तिचे दोन्ही डोळे लाल झालेले. मीं लेन्स काढावयास लावल्या, डोळे आले असतील म्हणून तिला खोलींत विश्रांति घ्यावयास सांगितलें, आणि स्वयंपाकघरांतील एका बाईनें मायेनें गुलाबपाण्याचे थेंब सोडले. सायंकाळपर्यंत तिचा डावा डोळा निवळला. उजवा मात्र उघडेना. दिव्याकडे पाहवेना, डोळ्यांतून सारखें पाणी वाहूं लागलें, आणि खडा रुतल्यासारखें दुखतें असें ती कण्हत सांगूं लागली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तिची पापणी हलकेच वर उचलली, तों काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसला. माझे हातपाय गळाले.

तिचे आईवडील दरवर्षींप्रमाणें ऊसतोडणीच्या हंगामाला दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेले होते. गांवीं आजी तेवढी होती. तिला निरोप धाडून आम्हीं मुलीला जिल्ह्याच्या गांवच्या रुग्णालयांत नेलें. तेथील नेत्रवैद्य एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनीं डोळा तपासून सांगितलें, "पारपटलावर व्रण झाला आहे." पारपटल म्हणजे बुबुळापुढें असलेली पारदर्शक कांच, मध्यभागीं तिची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर असते. व्रणाचा अंश खरवडून त्यांनीं तपासणीस पाठविला आणि दर तासाला डोळ्यांत थेंब घालावयास सांगितलें, दिवसा तसेच रात्रींही. "एक दिवस आधीं आणलें असतें तर बरें झालें असतें," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपें गेलें असतें.

दुपारच्या एस्. टी. नें आजी आली. त्या रात्रीं व पुढच्या रात्रींही आम्हीं दोघींनीं आळीपाळीनें जागून ते थेंब घातले. दुसऱ्या रात्रीं केव्हां तरी आजीनें मला हळूच विचारलें, "बाई, ती काच मागं सरकून टाळूत तर नसंल गेली? म्हणूनच डोळा पांढरा पडला जणू." माझ्या आईचाच प्रश्न तेवीस वर्षांनीं पुनः माझ्यापुढें उभा राहिला! मला किंचित् हंसूं आलें, आणि "तसें नसतें हो, आजी," असें मी म्हणालें. पण कसें नसतें, हें मला अजूनही सांगतां येईना.

सकाळीं डॉक्टरीणबाई आल्या तेव्हां आजीनें तोच प्रश्न त्यांना विचारला. त्या हंसल्या नाहींत. त्यांनीं आजीच्या कमरेची पानसुपारीची चंची मागून घेतली व तिच्या कप्प्यांत बोट घालून म्हणाल्या, "ह्या कप्प्याचा तळ शिवलेला आहे ना? सुपारी हरवली तरी ती चंचीतच हरवणार. तुमच्या पोटात जाणार नाही. पापणीचंही तसंच आहे." मग त्यांनीं समजावून सांगितलें तें असें: पापणीच्या आंतल्या बाजूस जी पातळ, ओलसर त्वचा असते, ती आंत जाऊन तेथेंच दुमडते व तशीच डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पसरते. ह्या घडीचा तळ सर्व बाजूंनीं बंद असतो. त्यामुळें लेन्स डोळ्याच्या मागें अथवा मेंदूकडे जाण्यास वाटच नाहीं. ती सरकली तर पापणीच्या आड, बहुधा वरच्या पापणीखालीं, दडून बसते, आणि डॉक्टरांना तेथून ती काढतां येते.

परंतु ती मागें जात नाहीं म्हणून बेफिकीर राहावें असा ह्याचा अर्थ नव्हे. पुढें माझ्या वाचनांत आलें कीं, इंग्लंडमध्यें सदुसष्ट वर्षांच्या एका स्त्रीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तयारी चालली असतां तिच्या एका डोळ्यांत वरच्या पापणीखालीं तब्बल २७ लेन्स एकमेकींस चिकटून बसलेल्या सांपडल्या. २०१७ सालीं ही हकीकत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. ती स्त्री सुमारें पस्तीस वर्षें लेन्स वापरीत होती. डोळ्यांत कांहीं खुपतें तें वयोमानामुळें, असें तिला वाटत होतें. चंचीचा तळ शाबूत होता, पण चंची कोणी झाडून पाहिली नव्हती!

खोलींतील इतर बायकांनींही मग आपापल्या शंका काढल्या. एकीनें ऐकलें होतें कीं, लेन्स घालून चुलीपुढें बसलें तर ती वितळून बुबुळाला चिकटते. वेल्डिंगच्या ठिणगीकडे पाहतांच लेन्स डोळ्याला सांधली जाते, अशी एक कथा तर परदेशांतही वर्षानुवर्षें कारखान्यांतून फिरत आहे. तिच्यांत तथ्य नाहीं. लेन्स अश्रूंच्या थरावर तरंगत असते, आणि जी उष्णता तिला वितळवील ती त्याआधीं चेहराच भाजून टाकील. चुलीच्या धुरानें डोळे चुरचुरतील, लेन्स कोरडी पडेल, हें खरें. आणि वेल्डिंगच्या उजेडापासून लेन्स मुळींच संरक्षण करीत नाहीं, तेथें काळा चष्मा लावलाच पाहिजे, हेंही खरें. परंतु वितळण्याची भीति निराधार आहे.

ह्या सर्व शंका ऐकतांना मी मनांतल्या मनांत स्वतःला शहाणी समजत होतें. तेवढ्यांत डॉक्टरीणबाईंनीं मला विचारलें, "बाई, लेन्स कशानं धुतल्या होत्या?" मीं सांगितलें, "पिण्याच्या पाण्यानें. आमच्या येथें पाणी गाळून येतें. अगदीं स्वच्छ असतें." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर त्यांनीं जें सांगितलें त्यानें माझा शहाणपणा पार उतरला.

पोटाला चालणारें पाणी डोळ्यांतील लेन्सला चालत नाहीं. पिण्याच्या पाण्यांतही सूक्ष्म जंतु असतात; आपल्या पोटाला त्यांची बाधा होत नाहीं, एवढेंच. पण मऊ लेन्स स्पंजाप्रमाणें पाणी शोषून घेते, आणि त्या पाण्याबरोबर आलेले जंतु पारपटलाला चिकटून राहतात. त्यांत अश्रू खारट व नळाचें पाणी अळणी. त्यामुळें पाण्यानें लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो व ती बुबुळाला घट्ट धरून बसते. पाण्यांत व मातींत अ‍ॅकँथअमीबा नांवाचा एक सूक्ष्म जीव असतो. परिस्थिति प्रतिकूल झाली म्हणजे तो स्वतःभोंवतीं कवच निर्माण करतो, आणि नळाच्या पाण्यांतील क्लोरिनचें त्या कवचापुढें कांहीं चालत नाहीं. त्याच्यापासून होणारा डोळ्याचा रोग विरळा, पण भयंकर असतो. उपचार महिनेच्या महिने चालतात आणि कित्येकांची दृष्टि जाते. आमच्या मुलीला तोच तर नसेल ना, ही डॉक्टरीणबाईंना पहिल्या दिवसापासून धास्ती होती. पाणी कितीही उकळलें तरी तें लेन्सचें औषध होत नाहीं. त्यासाठीं जें जंतुनाशक द्रावण मिळतें तेंच वापरलें पाहिजे. तोंडांतील लाळ तर पाण्याहूनही वाईट. लेन्स घालून पोहूं नये व आंघोळही करूं नये, हा नियम ह्याच कारणासाठीं आहे.

दुसरी चूक झोंपेची. आपल्या शरीराच्या बहुतेक भागांस रक्तावाटे प्राणवायु मिळतो. परंतु पारपटल पारदर्शक राहावें म्हणून त्यांत रक्तवाहिन्याच नसतात. तें आपला प्राणवायु मुख्यतः समोरच्या हवेंतून, अश्रूंच्या थरांतून घेतें. पापण्या मिटल्या कीं तो कमी पडतो. आणि मिटल्या पापणीखालीं लेन्सही असली म्हणजे पारपटल गुदमरून दुर्बळ होतें. दुर्बळाच्या घरांत चोर लवकर शिरतो. लेन्स घालून झोंपल्यानें डोळ्यांत जंतुसंसर्ग होण्याचा धोका सहा ते आठ पटींनीं वाढतो, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचें सांगणें आहे.

तिसरी चूक, एकीची लेन्स दुसरीच्या डोळ्यांत. ह्यावर डॉक्टरीणबाई बोलण्यापूर्वीं आजीच बोलली. ती म्हणाली, "आमच्यात दुसरीच्या डबीतलं काजळसुद्धा घालत न्हाईत, बाई. ही तर काच!" ती हें तक्रारीच्या सुरांत म्हणाली नाहीं, पण माझी मान खालीं गेली. टाळूची भीति बाळगणारी ती निरक्षर वृद्धा नाटकाच्या दिवशीं तेथें असती, तर तिनें तो जोड नातीच्या डोळ्यांत जाऊं दिला नसता. मी पदवीधर, स्वतः लेन्स वापरलेली. मीं तो जाऊं दिला. तिची समजूत खोटी होती, पण तिच्यापासून कोणाचें नुकसान झालें नसतें. माझी समजूत स्वच्छतेचा वेष घेऊन आलेली होती, आणि तिनें एका मुलीला रुग्णालयांत पाठविलें.

पालकहो, ह्या प्रकरणापासून मीं जें शिकलें तें हेंच. लेन्सविषयीं ज्या गोष्टींची आपण भीति बाळगतों, त्या बहुधा घडत नाहींत. आणि ज्यांची भीति बाळगावयास हवी, त्यांविषयीं आपण निर्धास्त असतों. मेंदूंत जाणारी, वितळणारी, चिकटणारी लेन्स आपल्या डोळ्यांपुढें येते; पण नळाचें पाणी, रात्रीची झोंप, मैत्रिणीची उसनी लेन्स आणि "नंबर नाहीं, मग डॉक्टर कशाला?" हें वाक्य, ह्यांत आपल्याला कांहींच वावगें दिसत नाहीं. नंबर असो वा नसो, लेन्स बसते ती डोळ्यावरच. प्रत्येकाच्या डोळ्याची गोलाई निराळी असते, आणि ती मोजल्यावांचून घेतलेली लेन्स म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा जोडा होय. अमेरिकेंत २००५ सालच्या कायद्यानें केवळ शोभेच्या लेन्सनाही वैद्यकीय साधन ठरवून, डॉक्टरांच्या चिठीवांचून त्यांची विक्री बंद केली, ती ह्याच कारणास्तव.

ह्यावरून लेन्स ही मुळांतच वाईट वस्तु आहे असा ग्रह कोणी करून घेऊं नये. तो आणखी एक गैरसमज होईल. तिच्यामागें थोर माणसांचे परिश्रम आहेत. लिओनार्दो दा विंचीनें १५०८ सालीं तिचा शोध लावला असें पुष्कळदां सांगतात; त्यानें पाण्याच्या पात्रांत चेहरा बुडवून काय दिसतें ह्याचा विचार केला होता हें खरें, पण दृष्टिदोष घालविणारी लेन्स त्यानें केली नव्हती. १८८८ सालीं झुरिच येथें आडॉल्फ फिक ह्या नेत्रवैद्यानें फुंकून केलेल्या कांचेच्या लेन्सविषयीं निबंध प्रसिद्ध केला. त्यानें त्या आधीं सशांच्या डोळ्यांवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर व त्यानंतरच रुग्णांवर घालून पाहिल्या. त्या जड लेन्स तास-दोन तासांपलीकडे सोसवत नसत. १९४८ सालीं अमेरिकेंत केविन टूही ह्यानें फक्त बुबुळापुरती, प्लास्टिकची लहान लेन्स केली. आणि १९६१ सालच्या नाताळांत प्राग शहरीं ओट्टो विख्टर्ले ह्या रसायनशास्त्रज्ञानें मुलांच्या खेळण्यांतील लोखंडी पट्ट्या व सायकलचा डायनामो जोडून घरच्या मेजावर एक यंत्र उभारलें व त्यावर मऊ लेन्स तयार केल्या. आज जगांत कोट्यवधि लोक वापरतात त्या मऊ लेन्सचा उगम त्या मेजावर आहे. विद्यार्थिमित्रांनो, ज्यांनीं ही वस्तु निर्माण केली त्यांनीं एवढी काळजी घेतली. आपल्याला तर तयार वस्तु नीट वापरावयाची आहे.

आतां पालकांकडून मला वारंवार विचारले जाणारे कांहीं प्रश्न थोडक्यांत सांगतें. लेन्स घातल्यानें नंबर जातो काय? साध्या लेन्सनें जात नाहीं. चष्म्याप्रमाणें ती घातली असतां नीट दिसतें, इतकेंच. लांबचें अंधुक दिसणाऱ्या मुलांचा वाढता नंबर मंदावणाऱ्या कांहीं खास लेन्स अलीकडे निघाल्या आहेत. अशी पहिली लेन्स अमेरिकेंत २०१९ सालीं मान्य झाली, आणि ती आठ ते बारा वर्षांच्या वयांत सुरू करावयाची आहे; परंतु तीही नंबर घालवीत नाहीं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेण्याची नव्हे. मग मुलांना लेन्स चालते काय? चालते, प्रश्न वयाचा नसून नेमाचा आहे. जी मुलगी न सांगतां हात धुते, आपलीं पुस्तकें जागच्या जागीं ठेवते, ती बाराव्या वर्षींही लेन्स सांभाळील. आणि ज्याला उद्यांच्या तासाची वही सांपडत नाहीं, त्यानें विसाव्या वर्षीं सुद्धां चष्माच वापरावा हें बरें. लेन्स घेतली म्हणजे चष्मा टाकून द्यावा काय? कदापि नाहीं. डोळा लाल झाला, दुखूं लागला, सर्दीतापानें आजारीपण आलें, तर लेन्स काढावी लागते. त्या दिवसांसाठीं चष्मा हवाच. डबींतील कालच्या द्रावणांत थोडें नवें घातलें तर भागेल काय? भागणार नाहीं, रोज जुनें ओतून टाकून नवें भरावें, डबी कोरडी करावी आणि दर तीन महिन्यांनीं ती बदलावी. ह्या खर्चाची तयारी नसेल तर चष्मा हेंच उत्तम भूषण. आणि चष्मा किंवा लेन्स वापरणाऱ्याला मरणोत्तर नेत्रदान करतां येत नाहीं, अशी जी समजूत आहे तीही चुकीची आहे. नंबर असला तरी पारपटल निर्मळ असूं शकतें, आणि दुसऱ्याला उपयोगीं पडतें तें पारपटलच. आमच्या शेजारच्या खाटेवर एक शेतकरीण होती. मळणीच्या वेळीं उडालेल्या धांडाच्या तुकड्यानें तिचें पारपटल कायमचें पांढरें झालें होतें, आणि ती कोणा अनोळखी माणसाच्या दानाची वाट पाहत होती.

आमच्या मुलीच्या तपासणीचा निकाल तिसऱ्या दिवशीं आला. तो अमीबा नसून साधे जंतु निघाले, आणि औषध लागूं पडलें. अकरा दिवसांनीं आम्हीं तिला परत आणलें. थेंब मात्र पुढें कित्येक आठवडे चालले. मधल्या काळांत तिचे आईवडील फडावरून दोन दिवसांची रजा काढून आले. मीं त्यांना सर्व कांहीं सांगितलें. तिचा बाप बराच वेळ जमिनीकडे पाहत उभा राहिला. नंतर म्हणाला, "बाई, आम्ही पोर तुमच्या पदरात टाकून जातो." ह्यापलीकडे तो कांहीं बोलला नाहीं. त्या वाक्याला माझ्यापाशीं त्या दिवशीं उत्तर नव्हतें. हा लेख म्हणजे त्याचेंच उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

तिच्या उजव्या डोळ्यांत आजही एक फिकट डाग आहे. तो मधोमध नसून किंचित् बाजूला आहे, म्हणून तिची दृष्टि वांचली. डॉक्टरांच्या तक्त्यावरील शेवटच्या दोन ओळी तेवढ्या तिला त्या डोळ्यानें वाचतां येत नाहींत. २०२४ सालीं ती शालान्त परीक्षा चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. मध्यंतरीं ती वसतिगृहांत भेटावयास आली होती, तेव्हां लहान मुलींनीं तिच्याभोंवतीं गराडा घातला व निळ्या डोळ्यांच्या परीची गोष्ट सांगण्याचा हट्ट धरला. तिनें ती सर्व सांगितली. फक्त "पिण्याच्या पाण्यानें धुऊन दे" हें वाक्य कोणाचें, तें मात्र सांगितलें नाहीं. तें मीं पुढें होऊन सांगितलें.

तेव्हांपासून आमच्या वसतिगृहांत एक नियम आहे. डोळा लाल होऊन दुखूं लागला व उजेड सहन होईना, तर गुलाबपाणी नाहीं, दुकानांतले थेंब नाहींत, उद्यांची वाट पाहणें नाहीं. त्याच दिवशीं डॉक्टरकडे जावयाचें, आणि लेन्स घातली असल्यास ती बरोबर डबींत घालून न्यावयाची. पालकांनीं आपल्या घरींही हा नियम घालावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

गेल्या संमेलनांत तेंच नाटक आम्हीं पुनः केलें. परीला रुपेरी मुकुट होता, पाठीला पंख होते आणि डोळे तिचे स्वतःचे, काळेभोर होते. पहिल्या रांगेंत बसलेल्या प्रेक्षकांपैकीं कोणीही त्याबद्दल तक्रार केली नाहीं.